खालचं झाकण उघडण्याआधी

वीस हजारांच्या आतला लॅपटॉप घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात तीन आकडे सांगितले जातात: रॅम किती, स्टोरेज किती, स्क्रीन किती इंचांची. चौथी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. यातलं पुढे काय बदलता येईल? माझ्या मते विचारायची खरी गोष्ट हीच. आज चार जीबी रॅम असणं तितकंसं वाईट नाही, पण ती कायमची चारच राहणार असेल, तर त्या लॅपटॉपचं आयुष्य घेतल्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. हे पुस्तक त्या चौथ्या प्रश्नासाठी लिहिलं आहे.

लिहिताना डोळ्यांसमोर मीरा-भाईंदरचा वाचक होता. २००२ साली महानगरपालिका झालेलं हे शहर २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर पोचलं. सकाळी चर्चगेटच्या लोकलमध्ये उभं राहणारा इथला नोकरदार बहुतेक वन आरके किंवा वन बीएचकेत राहतो. तिथे डेस्कटॉपला कोपरा मिळत नाही. जेवणं आटोपली की त्याच जागी अभ्यास होतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली आणि अनेक घरांत पहिला लॅपटॉप आला, तोही निवडून घेतलेला नव्हे, तर त्या महिन्यात जो मिळाला तो. अकरा ते चौदा इंचांचे ते लॅपटॉप आज बीकॉमच्या मुलीची टॅली चालवतात, मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करून घेतात, भाईंदर पूर्वेच्या एखाद्या स्टीलच्या गाळ्यात बिलं काढतात. आणि 'स्लो झालाय' म्हणून दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडतात. दुकानदार फॉरमॅट मारून देतो, महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. फॉरमॅटने न सुटणारं दुखणं नेमकं कुठे आहे, हे त्या घरातल्या माणसाला स्वतः पाहता यावं, अशी माझी इच्छा आहे.

छोटा आणि स्वस्त लॅपटॉप ही कल्पना महाराष्ट्रात आली ती रायगड जिल्ह्यातल्या एका लहानशा शाळेत. निकोलस निग्रोपॉन्टी यांच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा भारतातला सुरुवातीचा प्रयोग २००७ साली खैरात या गावी झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा तो एक्सओ लॅपटॉप जगभर 'शंभर डॉलरचा' म्हणून गाजला, प्रत्यक्षात किंमत बरीच वर गेली. आत ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि एक जीबी फ्लॅश. यातला प्रोसेसर किंवा रॅम वाढवता येत नव्हती. पण तो दुरुस्त मात्र करता येत होता, आणि कुणालाही. पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही, बॅटरी बाहेरून निघणारी, उघडायला साधा फुली स्क्रूड्रायव्हर पुरे, आणि हरवले तर म्हणून जादा स्क्रू हँडलच्या आतच ठेवलेले. स्क्रीन उन्हातही वाचता यायची. मला या यंत्राबद्दल आजही आदर वाटतो, कारण बनवणाऱ्यांनी ते कोणाच्या हातात जाणार याचा विचार आधी केला होता.

त्याच वर्षी तैवानच्या असूसने ईई पीसी ७०१ आणला. सात इंची स्क्रीन, चार जीबीची फ्लॅश बोर्डला चिकटलेली, पण रॅम मात्र खालच्या छोट्या झाकणाखाली. दोन स्क्रू काढा, ५१२ एमबीची पट्टी काढा, मोठी बसवा. २००८ मध्ये आपल्याकडे एचसीएलने मायलीप काढला, सुरुवातीची किंमत चौदा हजारांच्या आत. एसरचा ॲस्पायर वन आला. त्यात अर्धा जीबी रॅम बोर्डवर आणि वाढवायला एक स्लॉट, पण त्या स्लॉटपर्यंत पोचायला कीबोर्ड आणि वरचं पॅनल काढून बोर्डच बाहेर घ्यावा लागे. म्हणजे वाढ शक्य, पण ती करणारा माणूस हिमतीचा हवा.

या यंत्रांची नावं मी मुद्दाम घेतली. दुरुस्ती होणं आणि वाढ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गिऱ्हाईक त्या एकच धरून चालतं. एक्सओची दुरुस्ती सोपी, वाढ जवळपास अशक्य. ॲस्पायर वनची वाढ शक्य, पण त्यासाठी सगळं यंत्र खोलायचं. आजच्या बऱ्याच बजेट लॅपटॉपमध्ये दोन्ही वाटा अरुंद झाल्या आहेत. नवी मुंबईतून आलेला जिओबुक घ्या. २०२३ च्या आवृत्तीचं वजन ९९० ग्रॅम, तेव्हाची किंमत १६,४९९ रुपये, ११.६ इंची स्क्रीन, आत चार जीबी एलपीडीडीआर४ रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी. साठवण वाढवायची तर एसडी कार्ड, २५६ जीबीपर्यंत. हे यंत्र पाठ्यपुस्तकं, व्हिडिओ आणि ईमेल यांपुरतं हलकं आणि सोयीचं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, त्यामुळे घेताना जे आहे तेच शेवटपर्यंत. हे घेणाऱ्याला आधी माहीत असावं, एवढाच माझा आग्रह.

आता एक लॅपटॉप उलटा करून पाहू. समजा, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसरचा चौदा इंची, गेल्या पाच-सहा वर्षांत हजारो घरांत गेलेला. खालचे दिसणारे स्क्रू काढले तरी झाकण हलत नाही, कारण दोन स्क्रू मागच्या रबरी पायांखाली असतात. ते काढल्यावर फटीत जुनं प्लास्टिक कार्ड सरकवत कडेने फिरवायचं, आतले हूक टक्-टक् सुटत जातात. इथे लोखंडी पातं वापरलं की कड तरी चिरते नाहीतर खालची पट्टी. झाकण निघालं की पहिल्यांदा वाटतं, आत काहीच नाही. निम्मी जागा चपट्या काळ्या बॅटरीची. बोर्ड तळहाताएवढा. पंखा नाही, कारण हा प्रोसेसर जेमतेम सहा वॅटचा. त्याच्यावर धातूची पातळ पट्टी असते. प्रोसेसर सोल्डर केलेला, तो बदलण्याचा विचार सोडून द्यावा. सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग बाकी कुठेही हात लावायचा. हा क्रम चुकला आणि स्क्रूड्रायव्हर निसटला तर एका क्षणात बोर्ड जातो.

मग बोर्डवर तीन गोष्टी शोधायच्या. एक, रुपयाच्या नाण्याहून लहान अशी ईएमएमसीची काळी चिप. ती असेल तर मूळ साठवण बोर्डवरच आहे. ६४ जीबीची ईएमएमसी विंडोजमध्ये साठ जीबीच्या आतच दिसते, त्यातली बरीच विंडोज स्वतःच घेते, आणि मग अपडेट उतरवायलाही जागा उरत नाही. 'स्लो झालाय' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. दोन, एम.२ चं सॉकेट. काही बोर्डांवर ते असतं, काहींवर फक्त जागा आखलेली आणि सोल्डरचे ठिपके, सॉकेट कंपनीने बसवलेलंच नाही. एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन्ही प्रकारचे बोर्ड विकले जातात, म्हणून मित्राच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसली म्हणजे आपल्यातही बसेल असं धरू नये. तीन, रॅमचा आडवा स्लॉट, दोन्ही टोकांना धातूच्या चिमट्या असलेला.

सॉकेट सापडलं तरी एसएसडी घाईने मागवू नये. एम.२ हा नुसता आकार आहे. त्यातून साटा बोलणार की एनव्हीएमई, हे बोर्डवर अवलंबून. काही जुने स्वस्त बोर्ड फक्त साटा ओळखतात. तिथे एनव्हीएमई लावली तर पुष्कळदा ती व्यवस्थित बसते आणि बायोसमध्ये दिसतच नाही. लांबीही पाहायची: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, २२४२ म्हणजे ४२ लांब. स्क्रूचा खुंट ४२ वर असेल तर ८० ची पट्टी बसायची नाही. ज्यांच्याकडे अजून फिरणारी हार्ड डिस्क आहे त्यांचं काम सोपं: तिथे अडीच इंची साटा एसएसडी सरळ बसते, आणि फरक पहिल्या मिनिटात कळतो. हार्ड डिस्कचं डोकं सेकंदाला शंभरएक वेगवेगळ्या जागा गाठू शकतं, साधी एसएसडीही हजारो. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली वाचल्या जातात, म्हणून फरक इथेच पडतो. एकाच वस्तूवर पैसे घालायचे असतील तर माझं उत्तर नेहमी एसएसडी, रॅम त्यानंतर.

रॅमचं गणित वेगळं. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. जोर लावून बसवायची वेळ आली म्हणजे पट्टी चुकीची. डीडीआर३ च्या काळातल्या अनेक छोट्या लॅपटॉपना कमी व्होल्टेजची डीडीआर३एलच लागते. प्रोसेसरची मर्यादाही असते: एन४०२० ला इंटेलने आठ जीबी सांगितली आहे, २०२३ च्या एन१०० ला सोळा. ब्राउझरमध्ये चार टॅब, त्यात एक व्हॉट्सॲप वेब आणि एक मीटिंग, इतक्यानेच चार जीबी भरते आणि लॅपटॉप साठवणीवर लिहू लागतो. ती साठवण ईएमएमसी असेल तर दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवतात. म्हणून चारची आठ करणं हा इथला सर्वांत उपयोगी टप्पा, आठची सोळा करणं या वर्गाच्या प्रोसेसरला क्वचितच लागतं.

२०२५ च्या अखेरीस मात्र हे सगळं महागलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्या, रॅमचे भाव एकाएकी चढले, आणि त्या डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जुन्या पट्टीची चौकशी करणारा माणूस आता कंजूष नव्हे, शहाणा ठरतो. जुनी रॅम घ्यायला हरकत नाही, ती सहसा झिजत नाही. जुनी एसएसडी मात्र तिचं 'हेल्थ' पाहिल्याशिवाय घेऊ नये, कारण तिच्यावर किती लिहून झालंय त्यावर तिचं आयुष्य ठरतं.

दुकानात झाकण उघडू देणार नाहीत. पण डेमोचा पीस चालू असतोच. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' अशा दोन ओळी दिसतात. फॉर्म फॅक्टरपुढे 'एसओडीआयएमएम' असेल तर बहुधा पट्टी आहे, ती निघते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर बोर्डवर सोल्डर केलेली. डिस्कच्या नावात ईएमएमसी दिसतंय का, तेही तिथेच कळतं. मीरा रोडच्या दुकानात सेल्समन ईएमआयचा तक्ता दाखवत असताना हे उरकून होतं. या पुस्तकातलं एकच पान लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

जुन्या कंपनी लॅपटॉपवर वेगळं प्रकरण आहे. ऑफिसांनी काढून टाकलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक बाजारात भरपूर येतात आणि बांधणीने नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कितीतरी सरस असतात. थिंकपॅड एक्स२३० मध्ये रॅमचे दोन स्लॉट, सोळा जीबीपर्यंत. डिस्कसाठी एक स्क्रू. बॅटरी बाहेरून खटकन निघणारी. पण तो २०१२ चा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. इथे एक्स मालिकेतला खेदाचा योगायोग दिसतो: एक्स२७० मध्ये रॅमचा स्लॉट आहे पण प्रोसेसर सातव्या पिढीपर्यंतचा, पुढचा एक्स२८० आठव्या पिढीचा आला आणि त्याच्यात रॅम सोल्डर झाली. ज्याला दोन्ही हवं त्याने त्याच काळातला टी४८० पाहावा, चौदा इंची, दोन स्लॉट, बाहेरून निघणारी बॅटरी. लहानच हवा असेल तर डेलचा लॅटिट्यूड ७२९० किंवा एचपीचा एलिटबुक ८३० जी५. नव्या बजेट लॅपटॉपच्याच पैशांत हे मिळू शकतात. फक्त घेताना बिजागऱ्या, स्क्रीनवरचे डाग आणि बायोसला पासवर्ड नाही ना, एवढं तपासून घ्यायचं.

ज्यांचं यंत्र विंडोज ११ घेत नाही त्यांनी ते भंगारात टाकावं असं मी मुळीच म्हणणार नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चार जीबीवर नीट चालते, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, लिब्रेऑफिसमध्ये अर्ज, हिशेब, निबंध सगळं होतं. टॅली मात्र विंडोजचीच, त्यामुळे ज्या घरात लॅपटॉपवर पोट चालतं तिथे ही वाट सुचवताना मी दहा वेळा विचार करतो.

वाय-फाय कार्डाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. स्वस्त लॅपटॉपमध्ये कधी कधी फक्त २.४ गीगाहर्ट्झचं कार्ड असतं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच. मीरा रोडच्या शांतीनगरसारख्या भागात, जिथे एका बिल्डिंगच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचं स्वयंपाकघर दिसतं आणि घरोघरी राउटर आहे, तिथे हे तीन चॅनेल रात्री आठनंतर पार तुंबतात. मूल म्हणतं नेट चालत नाही, आई-बाप प्लॅन वाढवतात. कार्ड बोर्डवर चिकटलेलं नसेल तर दोन्ही बँडचं कार्ड बसवणं हा रॅमहून स्वस्त उपाय असतो. इंटेलची काही कार्डं फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरबरोबरच चालतात, ती सोडून दुसरी घ्यायची.

स्क्रीन बदलायच्या फंदात मात्र पडू नये. १३६६ बाय ७६८ ची फिकी स्क्रीन डोळ्यांना सुखाची नसते हे खरं, पण नव्या पॅनलच्या पैशांत एसएसडी येते. सगळ्या बदलांचा खर्च मिळून त्या लॅपटॉपच्या आजच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शावर जात असेल तर मी थांबायला सांगतो.

बॅटरीच्या बाबतीत तडजोड नाही. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. मूळ क्षमता आणि आज भरणारी क्षमता हे दोन आकडे शेजारी ठेवले की बदलायची वेळ आली का ते कळतं. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटू लागला किंवा झाकण नीट बसेनासं झालं तर बॅटरी फुगली आहे. त्याच दिवशी वापर बंद करावा, चार्जर लावू नये, आणि ती दाबून किंवा टोचून पाहू नये. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये, बॅटरी गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावी. चार्जरचंही तसंच: पिन बसली म्हणजे चार्जर चालतो असं नाही. बारीक गोल पिनेचे काही छोटे लॅपटॉप १२ व्होल्टचे असतात, काही १९ चे. पिन सारखीच दिसते आणि चुकला तर बोर्डच जातो.

शेवटचा एक विषय इतर शहरांतल्या पुस्तकांत सापडायचा नाही. आपल्या पश्चिमेला उत्तनचा समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, मधे मिठागरं. पावसाळ्यात घरातली भिंत ओली लागते तशी लॅपटॉपच्या आतही दमट खारी हवा जाते. जून ते सप्टेंबरात 'चालू होत नाही' म्हणून आलेल्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये काहीही जळालेलं नसतं. रॅमची पट्टी काढली की तिच्या सोनेरी कडेवर निस्तेज थर दिसतो. साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, सुकवून पट्टी परत बसवली की लॅपटॉप उठतो. स्लॉट नसलेल्या लॅपटॉपमध्ये हा दोष येत नाही, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच हवेने चार्जिंगच्या जोडाजवळ हिरवा गंज धरला तर तो दोघांनाही सारखाच. वापर नसला तरी पावसाळ्यात आठवड्यातून काही तास लॅपटॉप चालू ठेवावा, त्याच्या स्वतःच्या उबेने आतली ओल उडते. कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवण्यापेक्षा हे बरं.

पुढची प्रकरणं या क्रमाने आहेत: आधी ओळखणं, मग एसएसडी, रॅम, वाय-फाय, बॅटरी आणि अखेर जुना लॅपटॉप निवडणं. सोल्डर काढून चिप बदलणं, बायोस नव्याने लिहिणं ही कामं मी मुद्दाम बाहेर ठेवली आहेत, ती हात बसलेल्या कारागिराचीच.

पहिल्या प्रकरणाकडे जाण्याआधी एक काम मात्र आजच करून ठेवा. नव्या विंडोज लॅपटॉपमधली साठवण पुष्कळदा मालकाला न कळत कुलूपबंद झालेली असते. बायोसमधलं काही बदललं किंवा बोर्ड बदलावा लागला की स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर आतले फोटो, दाखले, टॅलीचा डेटा कुठलाही कारागीर परत आणू शकत नाही. ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती शोधा, कागदावर लिहून रेशन कार्डाच्या फाइलीत ठेवा, महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या, आणि मगच स्क्रूड्रायव्हर हातात धरा.